नानांच्या मतांशी लेखक सहमत आहे काय?

दशरथराव सावे यांनी बावीस वर्षांनी एक कथा लिहिली आणि लगेच जमीन हलली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं की शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाच त्याचा संशय यायला लागला.

दशरथराव तलासरीकडच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी नेमकी कोणती, ते विचारू नये. तिच्याविषयी त्यांनी आधीच पुरेसे खुलासे लिहून दिलेले आहेत. राहायला डहाणूला. बायको वसुमती, दोन खोल्या, मागे एक चिकूचं झाड आणि शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणारे नविनभाई. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कचेरीत चहा कोरा हवा की दुधाचा, असं विचारलं तरी दशरथराव "आणाल तो" म्हणणार. अशा माणसानं २०१८ सालच्या ‘चिकूबन’ या दिवाळी अंकात ‘नाना बोलले’ नावाची कथा लिहिली. त्यातले बारकूनाना हे निवृत्त मास्तर ओट्यावर बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगातल्या प्रत्येक विषयावर मत देतात. कथेत याशिवाय काही घडत नाही.

‘चिकूबन’चे संपादक दिपक चुरी यांची डहाणूजवळ कैनाडला चिकूची वाडी आहे. अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "सावे, तुमच्या शेवटच्या पानावर दोन इंच जागा उरतेय. खाली चिकू चिप्सची जाहिरात आहे. म्हाताऱ्याला अजून थोडं बोलू द्या की." तेव्हा दशरथराव एसटीच्या रांगेत उभे होते. मागच्या बाईची टोपली पाठीत रुतत होती. त्यांनी तिथल्या तिथे फोनवर नानांना बोलतं केलं: "जमीनसुद्धा एका कुशीवर पडून कंटाळते. एक दिवस ती कूस बदलेल, आणि मग कुणाच्या भिंतीत किती माती होती ते कळेल." म्हणजे काय, असं दिपकरावांनी विचारलं नाही आणि दशरथरावांनाही ते नीटसं माहीत नव्हतं. दोन इंच मात्र बरोबर भरले.

अंक आला. कुणी वाचला नाही. दशरथरावांनी कचेरीत एक प्रत मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी भज्यांचा कागद ठेवून गेलं. लेखकाला एवढा अपमान पचवावाच लागतो, अशी स्वतःची समजूत घालून ते भाऊबीजेला बहिणीकडे जाऊन आले. त्यानंतर दोनच दिवसांनी जमिनीच्या पोटातून गुरगुर झाली, फळीवरची भांडी वाजली आणि तलासरी-डहाणूकडचे लोक घराबाहेर धावले. पुढे आठवड्यामागून आठवडे हे सुरूच राहिलं. लोक अंगणात झोपायला लागले.

पहिल्या धक्क्यानंतर नविनभाई अंक हातात घेऊन आले. दशरथरावांनी हौसेनं भेट दिलेली ती प्रत त्यांनी तोवर मशीनखाली टेकू म्हणून लावली होती. धक्क्यानं मशीन सरकलं आणि अंक नेमका कथेच्या शेवटच्या पानावर उघडला.

"सावेसाहेब, आ शुं छे? तुम्ही तर आधीच लिहून ठेवला!"

"अहो, ते मी नाही म्हटलं. ते नाना म्हणतात."

"नाना कोण?"

"नाना कोणी नाहीत."

"मग बोलला कोण?"

या प्रश्नावर दशरथराव थांबले, आणि तिथेच त्यांचं चुकलं. त्या थांबण्याचा अर्थ नविनभाईंनी आपल्या परीनं लावला. दुपारपर्यंत त्या पानाच्या शंभरेक झेरॉक्स गावात गेल्या होत्या. संध्याकाळी ते पान मोबाईलवरून पार गुजरातच्या सीमेवरच्या झाईपर्यंत पोचलं, आणि त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले भूगर्भ अभ्यासक श्री. दशरथ सावे यांचा इशारा’. दशरथरावांचा भूगर्भाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे चिकूच्या मुळाशी टाकलेलं शेणखत.

मग लोक यायला लागले. पुढचा धक्का कधी? उत्तरेकडून की दक्षिणेकडून? मुलीची सुपारी फोडायची आहे, ती आत फोडावी की मांडवात? दशरथराव प्रत्येकाला समजावत, की लेखक वेगळा आणि पात्र वेगळं. पात्र जे बोलतं ते लेखकाचं मत असतंच असं नाही. लोक शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि विचारत, "बरोबर आहे. मग नानांना विचारून सांगता का?"

सल्ल्यांना तर ऊत आला. नविनभाईंचं म्हणणं, पुढच्या अंकात नानांना मारून टाका, म्हणजे कटकट मिटेल. वसुमतीबाई म्हणाल्या, "मारून टाकलंत तर लोक तेराव्याला येतील." समोरच्या जयश्रीवहिनींनी सुचवलं, की संपादकाकडून खुलासा छापून आणा. हे दशरथरावांना पटलं. ते रविवारी कैनाडला गेले.

दिपकरावांनी अंक उलटा करून शेवटच्या आतल्या पानावरची बारीक ओळ दाखवली. ‘अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’

"हे तुमच्यापुरतं झालं," दशरथराव म्हणाले. "मग या मतांशी सहमत कोण आहे?"

"अर्थात लेखक."

"पण मत पात्राचं आहे."

"मग पात्राकडून लिहून आणा," दिपकराव म्हणाले आणि चिकू मोजणाऱ्या मजुरांकडे निघून गेले.

डिसेंबरात कचेरीत नोटीस मिळाली. श्रुतिका मॅडम नव्यानेच साहेब म्हणून रुजू झाल्या होत्या. वय सत्तावीस, आणि त्यांना एक विलक्षण खोड होती, ती म्हणजे त्या सही करण्यापूर्वी कागद वाचत. सध्याच्या घबराटीच्या परिस्थितीत शासकीय कर्मचाऱ्याने भूकंपविषयक भाकीत प्रसिद्ध करून अफवा पसरवल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत मागवला होता. शिवाय त्या तोंडी म्हणाल्या, "सावे भाऊसाहेब, यापुढे कुठल्याही नागरिकाशी भूकंपाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बोललात, तर फाईल जिल्ह्याला पाठवावी लागेल." फाईल जिल्ह्याला गेली, की दोन वर्षांवर आलेली बढती तिच्याबरोबरच जाणार, हे कचेरीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

दशरथरावांनी त्याच दिवशी खुलासा लिहिला. ‘सदर कथेतील पात्राच्या मतांशी मी सहमत नाही.’ एका ओळीत काम. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी तो मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी तो वाचला. मग ड्रॉवरमधून ‘चिकूबन’ काढला. त्यात पिवळ्या खुणा केलेल्या होत्या. संपूर्ण तालुक्यात कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली ही एकच व्यक्ती, हे बघून दशरथरावांना अशा प्रसंगीही थोडं भरून आलं.

"सगळ्याच मतांशी असहमत?"

"सगळ्याच, मॅडम."

"पान चाळीसवर नाना म्हणतात, ‘राज्यघटनेइतकं शहाणं पुस्तक दुसरं नाही.’ याच्याशी पण?"

दशरथरावांनी घाईघाईनं खुलासा मागे ओढला.

"नाही, म्हणजे, त्याच्याशी सहमत आहे."

"म्हणजे काही मतं तुमची आहेत. मग कुठली तुमची आणि कुठली नाहीत, हे मला कसं कळणार? असं सरसकट चालणार नाही. तक्ता करा. अनुक्रमांक, पात्राचे विधान, लेखक सहमत किंवा असहमत, शेरा."

नानांनी कथेत एकूण एक्केचाळीस मतं दिली होती. त्यातलं एक्केचाळिसावं जमिनीचं.

तक्ता भरायला दशरथराव रविवारी सकाळी चहा घेऊन बसले. त्यांना वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. पहिलंच विधान होतं, ‘पहाटे उठणारा माणूस दिवसभर इतरांना छळतो.’ सहमत की असहमत? त्यांनी विचार केला. मग आणखी विचार केला. पहाटे उठणाऱ्यांबद्दल आपलं काय मत आहे, हे त्यांना आठवेना. आपल्याला ते कधी होतं का, हेही आठवेना. दुसरं सोडून ते तिसऱ्यावर गेले: ‘सरकारी कागदावर सही करणाऱ्याने तो वाचलेला नसतो.’ सहमत लिहावं तर मॅडमचा अपमान, असहमत लिहावं तर तीस वर्षांच्या नोकरीशी बेइमानी.

"आणा इकडे," वसुमतीबाई म्हणाल्या. त्या भाजी निवडत शेजारी येऊन बसल्या आणि कथा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. सातव्या विधानापाशी त्यांचा हात थांबला. "ओले बोंबील कालवणात घालणं हा बोंबलांचा अपमान आहे. ते तळावेत. हे कोण म्हणतं?"

"नाना."

"आणि तुम्ही?"

दशरथराव छताकडे बघू लागले. छताला धक्क्यानं पडलेली एक बारीक रेघ होती.

"चोवीस वर्षं मी कालवण करतेय," वसुमतीबाई म्हणाल्या. "चोवीस वर्षं तुम्ही वाटी चाटून पुसून ठेवता. आणि आता त्या म्हाताऱ्याच्या तोंडून सांगता होय मला?"

"अगं, ते पात्र आहे."

"पात्राला बोंबलांचं काय पडलंय? त्याला दात तरी आहेत का?"

सातव्यापुढे दशरथरावांनी ‘असहमत’ लिहिलं, ते वसुमतीबाईंनी खोडून ‘सहमत’ केलं आणि त्या पुढे वाचू लागल्या. एकोणिसाव्याला त्यांनी पुन्हा भुवया उंचावल्या. "ज्या घरात सासू नाही, तिथे भांडणाला विषय शोधावे लागतात. अहो, हे माझं वाक्य आहे! जयश्रीच्या घरी बारशाला मी म्हटलं होतं, सगळे किती हसले होते. आणि हे तेविसावं पण माझंच. तिसावं तुमच्या आईचं आहे. बत्तिसावं तर नविनभाई रोज बोलतात." पेन्सिलीनं खुणा करत त्या शेवटपर्यंत गेल्या आणि मग नवऱ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत म्हणाल्या, "यात तुमचं कुठलंय?"

दशरथरावांनी तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. बोंबील सोडले, तर एकही विधान नक्की आपलं आहे असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना. आपली मतं पात्रात उतरली का, एवढाच वाद तालुक्यात चालू होता. उतरायला मुळात मतं होती की नाही, हा मुद्दा कुणी काढलाच नव्हता. तो दिवस त्यांना फार वाईट गेला. संध्याकाळी त्यांनी एकतीस ठिकाणी ‘तटस्थ’ लिहिलं.

सोमवारी मॅडमनी तक्ता परत केला. "तटस्थ हा रकाना नाही."

"पण मॅडम, मला खरंच माहीत नाही."

"मतं तुमची आहेत की नाहीत हे तुम्हाला माहीत नाही?"

"मतं आहेत की नाहीत हेच माहीत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांच्या प्रशिक्षणात असा प्रसंग शिकवलेला नव्हता, एवढंच. "एक्केचाळिसाव्याचं तरी सांगा," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी बघते. जमीन कूस बदलेल. सहमत की असहमत?"

दशरथरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात सुकी येऊन उभी राहिली.

सुकी पाड्यावरची. मजुरीवर जाणारी, साठीच्या आसपासची बाई. या अगोदर ती दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा दशरथरावांनी तिला, नाना म्हणून कोणी नाहीत, असं सांगून परत पाठवलं होतं. तिच्या घराची मागची भिंत आतून तडकली होती. तिची नात रूपी त्याच भिंतीशी झोपायची. रूपीला खोकला झाला होता, म्हणून मुलगा चैत्या म्हणत होता की थंडीत पोरीला बाहेर ठेवायचं नाही. सुकी म्हणत होती की आत ठेवायचं नाही. घरात आठ दिवस भांडण पेटलं होतं. साहेब असो की कारकून, सुकी सगळ्यांना अरेतुरेच करायची.

"आज तरी सांग," ती दशरथरावांना म्हणाली. "पोरीला घरात निजवू का भायेर? चैत्या माझा आयकत नांय. नानानी सांगला तर आयकल."

मॅडम दशरथरावांकडे बघत होत्या. टेबलावर तक्ता होता, तक्त्याखाली फाईल होती. एक शब्द बोलायचा नाही, असं बजावलेलं होतं. दशरथरावांनी नियमाप्रमाणे, घाबरून जाऊ नये, असं म्हणायची तयारी केली. ते वाक्य परिपत्रकात छापलेलं होतं आणि त्यात धोका नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे घरातल्या छताची ती रेघ आली. तिच्याखालून त्यांनी स्वतःचा पलंग कधीच सरकवला होता, तेही कुणाला न विचारता.

"बाहेर," ते म्हणाले. "त्या भिंतीशी नको. घरातच नको. खोकल्याचं औषध आणता येईल, भिंत काही आधी सांगून पडत नाही. बाहेरच झोपव."

एवढं ठाम ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर बढती खिडकीतून उडून जाताना त्यांना दिसली, तरी बरं वाटलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशाबद्दल तरी मत झालं होतं आणि त्यात नानांचा हात नव्हता.

सुकीनं ते ऐकलं. थोडा विचार केला.

"ता तुझा झाला," ती म्हणाली. "नाना काय सांगं?"

दशरथरावांचा चेहरा पडला. "अगं, मी सांगतोय ना."

"तुझा कोण आयकल? नानाचा सांग."

दशरथरावांनी एकदा तक्त्याकडे बघितलं. एक्केचाळीस ओळींत त्यांनी जीव तोडून हेच दाखवायचा प्रयत्न केला होता, की नाना आणि आपण एक नाही. मग त्यांनी सुकीकडे बघितलं.

"नाना पण तेच म्हणतात," ते म्हणाले. "बाहेर. चैत्याला सांग, नानांनी बजावलंय."

सुकी समाधानानं निघून गेली. मग मॅडमनी शिपायाला हाक मारून पाड्यावर एक तंबू आणि खोकल्याचं औषध पाठवायला सांगितलं, तक्ता पुढे ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘लेखक व पात्र यांच्यात एकवाक्यता आढळून आली.’

"हे माझ्या बाजूनं झालं की विरुद्ध, मॅडम?"

"मलाही नक्की सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "फाईल इथेच राहू दे. जिल्ह्याला तर हे अजिबात कळायचं नाही."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठा धक्का बसला. सुकीची मागची भिंत सगळीच्या सगळी आत कोसळली. रूपीची गोधडी तिथे नव्हती, आणि रूपीही नव्हती. आजी आणि नात दोघी तंबूत होत्या. बातमी कळली तेव्हा दशरथराव रजिस्टर लिहीत होते. त्यांनी पेन ठेवलं, मागच्या व्हरांड्यात गेले आणि तिथे भिंतीकडे तोंड करून रडले. आत आल्यावर डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. त्या दिवशी सगळीकडे धूळ होतीच, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही.

दोन दिवसांनी सुकी आली. काखेत पाय बांधलेली कोंबडी होती. चांगली तांबूस, भरलेली. तिनं ती दशरथरावांच्या टेबलावर ठेवली.

"ही नानाला."

"सावे भाऊसाहेब," आतून मॅडमचा आवाज आला. मॅडमना सगळं दिसायचं. त्या बाहेर आल्या. "शासकीय कर्मचाऱ्याला नागरिकाकडून भेट घेता येत नाही."

"भेट मला नाही, मॅडम. नानांना आहे."

"पण नाना आणि तुम्ही एकच, असं फायलीत लिहिलंय. मीच लिहिलंय." त्यांना हे बोलताना वाईट वाटत होतं, पण लिहिलेलं खरं होतं.

दशरथराव कोंबडीकडे बघत राहिले. नाना आणि आपण एक नाही म्हणावं, तर त्या दिवशी आपण नानांच्या नावानं खोटं बोललो असं होत होतं. हो म्हणावं, तर कोंबडी परत जात होती. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला हो म्हणायचं आहे. कोंबडीसाठी नाही. त्या पोरीला बाहेर झोपवायला आपण सांगितलं होतं, आपण स्वतः, आणि ते एकदा कुणीतरी आपल्या नावावर मान्य करावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. मग सुकीकडे वळले आणि आवाज शक्य तितका भारदस्त करून म्हणाले, "सुकीबाई, नाना म्हणजे मीच. त्या दिवशी जे सांगितलं ते माझंच होतं. कोंबडी घेऊन जा."

सुकीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. चष्मा, खिशातली दोन पेनं, बोटावरची शाई, सगळं बघितलं.

"नांय," ती म्हणाली. "तू नांय." आणि कोंबडी तिथेच ठेवून निघून गेली.

दशरथरावांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी दशरथरावांकडे बघितलं. कोंबडी मात्र फायलीवर ऐसपैस बसून राहिली.